चंद्र मनाचा, बुध वाणीचा

हळव्या स्वभावाच्या माणसाची पत्रिका ज्योतिषाच्या हाती आली की त्याची पहिली नजर चंद्राकडे जाते. चंद्र कोणत्या राशीत आहे, कोणत्या स्थानी आहे, शनी वा राहू त्याच्या सान्निध्यात आहे काय, हे पाहून मनाचा अंदाज बांधला जातो. घरातला मुलगा चित्रे काढीत असेल वा मुलगी कविता लिहीत असेल, तर पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पत्रिकेत कलेचा योग आहे का? प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्याच्या उत्तरावर कधी कलामहाविद्यालयातला प्रवेश अवलंबून असतो, तर कधी मनाने खचलेल्या तरुणाला डॉक्टरांकडे न्यायचे की ग्रहशांती करायची, हा निर्णय. म्हणूनच हळवेपणा, ग्रह आणि कलानिर्मिती यांची सांगड ज्योतिषाने मुळात कशी घातली, हे एकदा नीट पाहायला हवे.

चंद्राचे आणि मनाचे नाते फार जुने. विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र जन्मला, अशी कल्पना ऋग्वेदातील पुरुषसूक्तात आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहज्जातक’ या ग्रंथात कालपुरुषाचे गुणधर्म ग्रहांना वाटून दिले. सूर्य हा आत्मा, चंद्र मन, मंगळ बळ, बुध वाणी, गुरू ज्ञान व सुख, शुक्र मदन आणि शनी दुःख. ही वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाणवणे चंद्राकडे आहे, पण सांगणे बुधाकडे. मन भरून येणे आणि ते शब्दांत उतरणे ही त्या जुन्या रचनेत दोन निरनिराळी खाती आहेत. मीन राशीचे उदाहरण तर विलक्षण आहे. कलेचा कारक मानला गेलेला शुक्र या राशीत उच्चीचा होतो आणि त्याच राशीत वाणीचा कारक बुध नीचीचा. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, ज्याने कधी भारावलेल्या अवस्थेत कोऱ्या कागदापुढे तासभर बसून पाहिले आहे, त्याला या रचनेतील निरीक्षण पटावे.

मराठीत चंद्राच्या सोळा कला आणि माणसाच्या चौसष्ट कला यांना एकच शब्द आहे. त्यामुळे चंद्र बलवान म्हणजे कलावंत, असे समीकरण सहज जिभेवर येते. पारंपरिक पत्रिकाविचार मात्र इतका सोपा नाही. विद्या, बुद्धी आणि संतती पंचमस्थानावरून पाहतात, वाणी द्वितीयावरून, लेखन तृतीयावरून. कवीच्या पत्रिकेत काय शोधायचे याविषयी दोन ज्योतिषांचे एकमत होणे अवघड जाते, ते यामुळेच.

मग ‘मीन राशीची माणसे स्वप्नाळू, कर्क राशीची हळवी’ ही आपल्या सवयीची भाषा आली कुठून? तिचा बराचसा भाग विलायती आहे. ॲलन लिओ या इंग्रज ज्योतिषाने विसाव्या शतकाच्या आरंभी घटनांच्या भाकितांपेक्षा स्वभाववर्णनावर भर दिला. त्याला कायद्याचीही किनार होती. इंग्लंडमध्ये भविष्य सांगणे हा गुन्हा होता आणि 1917 मध्ये लिओला त्याबद्दल दंडही झाला. पुढे 1930 मध्ये राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर याने लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये तिची पत्रिका मांडली. तो लेख इतका गाजला की वृत्तपत्रांत राशिभविष्याचे सदरच रूढ झाले. त्यातली रास सूर्याची असते आणि आपल्याकडची जन्मरास चंद्राची. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र जेमतेम सव्वादोन दिवस. शिवाय सायन आणि निरयन राशिचक्रांत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक आहे. परिणामी इंग्रजी सदरानुसार ‘मीन’ असलेली व्यक्ती घरच्या पंचांगानुसार सिंह राशीची निघू शकते. दोन्ही वर्णने तिला आपलीच वाटतात, ही यातली खरी गंमत!

हळवेपणाच्या बाबतीत चंद्रापेक्षाही रंजक इतिहास शनीचा आहे. आपल्याकडे साडेसातीचे नाव काढले की चेहरे उतरतात. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन राशींतून शनी जातो तो हा काळ. बारापैकी तीन राशींना ती नेहमीच चालू असते. म्हणजे कोणत्याही क्षणी जगातील सुमारे पाव माणसे साडेसातीत असतात. त्यात चित्र काढणारे असतात तसे चित्र अर्धवट टाकणारेही असतात.

युरोपातही मध्ययुगात शनी असाच भयकारी होता. खिन्न प्रकृतीचा माणूस म्हणजे शनीच्या अंमलाखालचा, अशी समजूत होती. ती पालटण्यात मोठा वाटा मार्सिलिओ फिचिनो या फ्लॉरेन्सजवळ 1433 मध्ये जन्मलेल्या विद्वानाचा. वैद्याचा हा मुलगा मेदिची घराण्याच्या आश्रयाने वाढला. प्लेटोचे समग्र ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले. त्याच्या कुंडलीत कुंभ लग्नी शनी होता आणि आपल्या स्थायी उदासीचे खापर तो त्याच शनीवर फोडीत असे. जोवान्नी काव्हालकान्ती या मित्राला त्याने तशी तक्रार पत्रातून कळवली. मित्राने त्याला उलट सुनावले. ज्या ग्रहाने एवढी बुद्धी दिली त्यालाच नावे ठेवतोस? त्यावर फिचिनोने उत्तरात जी तडजोड केली ती पुढे शतकानुशतके टिकली. ही प्रकृती शनीची असेल, पण ॲरिस्टॉटलच्या मते तीही एक दैवी देणगीच आहे, असे त्याने मान्य केले. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रकरणात, काव्य, तत्त्वज्ञान व कला यांत चमकलेली माणसे उदास प्रकृतीची का असतात, असा प्रश्न विचारलेला आहे. फिचिनोने त्या प्रश्नाला शनीची जोड दिली आणि ‘दुःखी प्रतिभावंत’ ही आधुनिक जगाची लाडकी प्रतिमा आकाराला येऊ लागली.

पण फिचिनो केवळ उदासीचे कौतुक करून थांबला नाही. 1489 मध्ये त्याने विद्याव्यासंगी माणसांच्या प्रकृतीवर तीन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. रात्री जागून अभ्यास करू नये, सूर्याबरोबर उठावे, हिरवाईत फिरावे, संगीत ऐकावे, असे त्याचे सांगणे. शनीचा अतिरेक सूर्य, गुरू आणि शुक्र यांच्या प्रसन्न गुणांनी सौम्य करावा, ही त्याची ग्रहशांती. यातील तिसऱ्या भागाने त्याच्यावर जादूटोण्याचा आळ आणला, पण तो त्यातून सुटला. महत्त्वाचे म्हणजे 1477 मध्ये याच माणसाने भाकिते करणाऱ्या ज्योतिषांच्या निवाड्यांविरुद्ध एक प्रबंध लिहिला होता. मनःस्थितीला नाव द्यायला त्याला ग्रह हवे होते. त्या ग्रहांनी माणसाचा निकाल लावावा, हे मात्र त्याला मान्य नव्हते.

निकालाचा हा दावा महाराष्ट्रात तपासलाही गेला आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हुशार तसेच मतिमंद अशा एकूण दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांनी फक्त कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांचे निष्कर्ष पाठवले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण 46 टक्के निघाले. नाणेफेकीतही निम्मी उत्तरे बरोबर येतात. जिथे बुद्धीचा एवढा ठळक भेद पत्रिकेतून दिसला नाही, तिथे कलेसारखी निसटती गोष्ट तीत दिसेल असे मानणे धाडसाचे आहे.

तरीही वर्णन पटते, ते का? बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुमचे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. सर्वांना एकच मजकूर होता आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. त्याचा निबंध 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण वरवर धीट पण आतून हळवे आहोत, हे कोणाला खरे वाटत नाही? संवेदनशील माणसाला तर अशा वाक्याची तहानच असते. आपल्या अस्वस्थतेला कुणीतरी नाव दिले, याचाच त्याला दिलासा वाटतो. हा दिलासा खोटा म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. मात्र आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि कामातले मन उडाले असेल, तर चंद्र कुठे आहे हे पाहण्यात वेळ दवडू नये. तिथे डॉक्टरच हवेत. आणि पंचमस्थान रिकामे म्हणून मुलीची कवितांची वही बंद करणाऱ्या पालकांना तर ज्योतिषाचाही आधार नाही. रिकाम्या स्थानाचा विचार स्थानेशावरून करतात, हे कोणताही ज्योतिषी सांगेल.

ग्रहांची भाषा निर्मितीला कशी उपयोगी पडू शकते, याचा उत्तम दाखला संगीतकार गुस्ताव होल्स्ट याचा. 1913 मध्ये एका मित्राने त्याला ज्योतिषाची गोडी लावली. ॲलन लिओची पुस्तके त्याने वाचली आणि पुढल्या वर्षी ‘द प्लॅनेट्स’ ही सात भागांची वाद्यवृंदरचना हाती घेतली. आपल्या कुंडलीत संगीताचा योग आहे काय, याचे उत्तर तो त्यात शोधीत नव्हता. मंगळ, शुक्र, बुध यांच्या स्वभावांतून त्याला सात वेगवेगळ्या भाववृत्ती मिळाल्या. लंडनच्या एका मुलींच्या शाळेत तो संगीत शिकवीत असे, त्यामुळे रचना व्हायची ती सुट्टीत आणि शनिवार-रविवारी. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्यामुळे त्याला फार लिहवत नसे. वाद्यवृंदाची संपूर्ण स्वरलिपी कागदावर उतरवायला शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी मदत केली. 29 सप्टेंबर 1918 रोजी ती रचना प्रथम वाजवली गेली. तिच्यात शनीच्या वाट्याला वार्धक्य आले आहे, आणि होल्स्टचा स्वतःचा सर्वांत आवडता भाग तोच होता.