चाकांवरचं घर, हंगामाचं काम

'व्हॅनमध्ये राहणं' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? समुद्रकिनारा, मागचं उघडं दार, हातात कॉफीचा मग आणि समोर सूर्यास्त! असे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण अमेरिकेत हजारो माणसं व्हॅनमध्ये राहतात ती फोटोसाठी नाही, पोटासाठी. काम निघेल तिथे घर घेऊन जायचं आणि हंगाम संपला की पुढचा रस्ता धरायचा. यातली बरीच माणसं साठी ओलांडलेली आहेत. २००८ च्या मंदीत कुणाचं घर गेलं, कुणाची पुंजी. पेन्शनमध्ये घरभाडं बसेना, मग भाडंच काढून टाकलं!

जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यात राहून 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं (२०१७). त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आमच्या विंगमध्ये सहा जणींनी तो एका लॅपटॉपवर बघितला. बाकीच्या रडत होत्या आणि मी विचार करत होते, हिची बॅटरी किती अँपिअर-अवरची असेल? इलेक्ट्रिकलला असल्याचा परिणाम, दुसरं काय! म्हणून हा लेख.

वर्षाचं टाइमटेबल

आपलं वर्ष सेमिस्टरवर चालतं, यांचं तापमानावर. पत्र्याच्या घरात थंडीही सोसत नाही आणि ऊनही, म्हणून हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात डोंगरात जावंच लागतं. हिवाळ्यात अनेकांचा मुक्काम अ‍ॅरिझोना राज्यातल्या क्वार्टझाइट गावाबाहेरच्या वाळवंटात. अशा सरकारी जमिनीवर एका ठिकाणी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलायचं. क्वार्टझाइटजवळ मात्र परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो.

उन्हाळ्यात सरकारी जंगलांमध्ये 'कॅम्प होस्ट'ची नोकरी. नाव भारी! काम म्हणजे संडास धुणं, शेकोट्यांची राख उपसणं, पर्यटकांकडून फी गोळा करणं आणि रात्री दंगा करणाऱ्यांना गप्प करणं. थोडक्यात, वॉर्डन आणि सफाई कामगार एकाच पगारात.

ऑक्टोबरमध्ये अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापून उत्तरेला, रेड नदीच्या खोऱ्यात. तिथे साखरेच्या बीटाची काढणी असते. ट्रक दिवसरात्र येतात, पाळ्या बारा-बारा तासांच्या. यंत्र बीटाचे टेकडीएवढे ढीग लावतं. कामगार ट्रक यंत्राला लावून घेतात, नमुने पिशवीत भरतात, सांडलेले बीट आणि चिखल फावड्याने ओढतात. गंमत म्हणजे इथे ऊन वाढलं की काम बंद! काढलेला बीट श्वसन करतच असतो आणि त्यातून उष्णता निघते. गरम बीट ढिगात गेला तर ती उष्णता आतच कोंडते आणि ढीग सडायला लागतो. पावसात चिखलामुळे बंद, कडक गोठलं तरी बंद. एवढासा हंगाम, त्यातही आकाशाकडे बघत बसायचं.

विजेचा हिशेब

समजा व्हॅनमध्ये १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. कागदावर १२०० वॉट-अवर झाले. पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात उरले ६००. छोटा फ्रिज दिवसाला ३५० च्या आसपास खातो, रात्रभर पंखा १५०, दिवा आणि मोबाइल मिळून ५०. झाले ५५०! छपरावर २०० वॉटचं सोलर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात एवढं भरून निघतं. दोन दिवस ढगाळ गेले की आधी पंखा बंद, मग फ्रिज. आता आपल्याकडे बघा. हॉस्टेलमध्ये १००० वॉटचा जो रॉड लपवून बादलीत सोडला जातो (रेक्टर मॅडम, हे फक्त उदाहरण आहे!), तो या ६०० वॉट-अवरचा ३६ मिनिटांत फडशा पाडेल. म्हणून तिथे ऊब हवी तर गॅस किंवा डिझेलच जाळावं लागतं.

त्यात आणखी एक त्रांगडं आहे. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. हीटरला बाहेर जाणारं धुराडं नसेल तर ही वाफ आणि आपल्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जमते. सकाळी गादी ओली, काही दिवसांत बुरशी. खिडकी उघडावी तर ऊब जाते, बंद ठेवावी तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. म्हणून जाणती माणसं त्याचा अलार्म आधी घेतात, गादी नंतर.

पाण्याचंही तसंच. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो वजन, तेही नळापासून स्वतः उचलून आणायचं. आपण एका अंघोळीला तेवढं सहज ओततो. तिकडे त्यात पिणं, स्वयंपाक आणि भांडी, सगळं दोन दिवस!

पत्ता काय?

लायसन्स, बँक, विमा, मतदान... सगळ्यांना पत्ता लागतो. व्हॅनचा पत्ता काय सांगणार? त्यासाठी टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या कंपन्या असतात. साउथ डकोटा राज्य यासाठी प्रसिद्ध आहे. कित्येकांच्या लायसन्सवर असा पत्ता असतो, जिथे ते क्वचितच एखादी रात्र राहिलेत. अनेक शहरांत रस्त्यावर गाडीत झोपायलाच बंदी आहे. मध्यरात्री काचेवर टकटक झाली की इंजिन सुरू करून निघायचं.

घराचा खर्च कुणी उचलायचा?

या सगळ्यांना बिचारे समजू नका हं! दरवर्षी जानेवारीत क्वार्टझाइटच्या परिसरात त्यांचा मेळावा भरतो. जुने लोक नवख्यांना सोलर जोडायला, स्वस्तात जगायला शिकवतात. परत चार भिंतींत जायचंच नाही म्हणणारेही त्यांच्यात आहेत. पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. मालकाला हंगामापुरता माणूस मिळतो, तोही घर, वीज, अंथरूण सोबत घेऊन आलेला. काम संपलं की तो आपोआप निघून जातो. त्या देशाचं केंद्रीय किमान वेतन मात्र २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबलंय.

साखर बीटाची असो की उसाची, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात येतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. त्यांच्याकडे ना व्हॅन, ना पॅनेल. बहुतेक कोप्यांमध्ये धड दिवाही नसतो.

म्हणून मी त्यांचाही हिशेब मांडला. एका कोपीला दिवा, छोटा पंखा आणि मोबाइल यांसाठी दिवसाला २०० वॉट-अवर पुरे. त्यांनीच तोडलेल्या उसाच्या चिपाडावर आपले कितीतरी कारखाने कोजनरेशन करून वीज विकतात. त्यातला फक्त एक मेगावॉट, फक्त एक तास बाजूला काढला, तर पाच हजार कोप्यांचा एक दिवस भागतो. आपल्यातले काही जण उद्या त्याच कारखान्यांत इंजिनिअर म्हणून लागतील. गणित सोपं आहे, फर्स्ट इयरचं. कुणीतरी ते तिथल्या मीटिंगमध्ये मांडायला हवं, एवढंच.