इंग्रजी उपवाक्य आणि स्वल्पविराम

इंग्रजी वाचताना जिथे श्वास घ्यायला थांबतो तिथे स्वल्पविराम द्यावा, असा समज सर्रास आढळतो. 'रिलेटिव्ह क्लॉज'च्या (नामाविषयी माहिती देणारे उपवाक्य) बाबतीत मात्र स्वल्पविरामावर वाक्याचा अर्थ ठरतो.

ही उपवाक्ये दोन प्रकारची असतात. पहिले नेमके कोण किंवा कोणते ते ठरवते. दुसरे केवळ जादा माहिती पुरवते. गावात दोन सुरेश असले की आपण 'गिरणीवाला सुरेश' म्हणतो. तिथे 'गिरणीवाला' गाळले तर घोटाळा होतो. सुरेश एकच असेल, तर गिरणीचा उल्लेख न करताही माणूस कळतो.

'माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर' हे वाक्य स्वल्पविरामांशिवाय लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला नाशिकचा डॉक्टर आहे, असा अर्थ होतो. 'ब्रदर' आणि 'नाशिक' यांच्यापुढे स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच. नाशिक ही जादा माहिती. स्वल्पविराम द्यायचे तर दोन्ही टोकांना द्यावेत.

वस्तूंबाबत पहिल्या प्रकारात 'दॅट' आणि दुसऱ्यात 'विच' वापरावे, अशी शिफारस हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात केली. अमेरिकी संपादक ती अधिक कसोशीने पाळतात. ब्रिटिश इंग्रजीत पहिल्या प्रकारातही 'विच' चालते. दुसऱ्या प्रकारात 'दॅट' मात्र टाळावे.

शंका आली, तर उपवाक्य गाळून पाहावे. नेमके कोण ते कळेनासे झाले, तर स्वल्पविराम देऊ नये.