घोडा घेण्याआधी घरात बोला

बारामती तालुक्याच्या पश्चिमेला, कऱ्हा नदीच्या काठी आमचं कऱ्हाटी. नदी काठाला असली तरी उन्हाळ्यात पाण्याचे हाल ठरलेले. अशा गावात तीन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्याने हट्ट धरला, "अब्बा, वरातीसाठी घोडी घेऊ. एका लग्नाचे चांगले पैसे मिळतात." पणजोबांचा टांगा होता, घोड्याची हौस रक्तातच. आम्ही फार विचार केला नाही. एका बाजारात पांढरीशुभ्र नुकरी घोडी दिसली, मान उंच, चाल डौलदार. साठवलेले पैसे मोजून दिले आणि घोडी टेम्पोत चढवली.

तिसऱ्या दिवशी ती लंगडू लागली. नालबंद चाचांनी पाय उचलून पाहिला आणि गप्प झाले. खुरावर आडव्या वळ्या होत्या, तळवा खोलगट असायचा तो फुगून आला होता. खुराच्या आतल्या भागाचं जुनं दुखणं. बाजारात तिला वेदना थांबवणारं इंजेक्शन देऊन चालवलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. विकणाऱ्याचा फोन लागला नाही.

आमच्यासारखी चूक कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

रंग नंतर, पाय आधी

बाजारात भाव चढतो तो रंगाने आणि खुणांनी. नुकरा, अबलख, पंचकल्याणी, गळ्यावरचा देवमण भोवरा. भोवऱ्याने ना बरकत येते ना नुकसान होतं. आपल्या दीनमध्येही अशा शकुनांना थारा नाही. घोडा उभा असतो चार खुरांवर, तेव्हा पैसे तिथे पाहून द्यावेत.

कडक जमिनीवर, दोर सैल सोडून त्याला दुडक्या चालीने पळवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो. खूर हाताला गरम लागतोय का, त्यावर भेगा किंवा वळ्या आहेत का, ते बघा. वय दातांवरून कळतं. साधारण पाच वर्षांचा होईतो समोरचे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. पुढे वय वाढेल तसे दात लांब आणि पुढे झुकलेले दिसतात. शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके देतं.

अकलूजचा घोडेबाजार आपल्याला जवळ, इंदापूर तालुक्यातून नीरा ओलांडली की आलंच. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे तर लांबलांबून घोडे येतात. कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी सौदा करू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे, न कळवता जा. इंजेक्शनचा असर उतरला की खरी चाल दिसते. सोबत नालबंद न्या. आणि विकणाऱ्याशी नातं नसलेला पशुवैद्य गाठा, त्याची फी वाचवू नका.

रक्ताची तपासणी

नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेल्या जखमा असतील तर त्या जनावराजवळ मुलांना जाऊ देऊ नका. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो आणि तो माणसालाही लागतो. रोग पक्का ठरला की कायद्याप्रमाणे जनावर मारावं लागतं. वरून निरोगी दिसणाऱ्या घोड्यातही तो लपून असू शकतो. म्हणून सौदा पक्का करण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून रक्ताची तपासणी करून घ्या. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे असे नमुने तपासले जातात.

वर्षभराचा हिशोब

लग्नसराई काही महिन्यांची, घोडा मात्र बारा महिने खातो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे सात किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच टन. पाणी रोज तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी. टँकरच्या दिवसांत हे पाणी कुठून आणणार, हे घरातल्या बायकांना आधी विचारा, कारण हंडे त्यांच्याच डोक्यावर असतात.

घोडा गाय-म्हशीसारखा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. बुरशी आलेला कडबा किंवा एकदम जास्त दाणा पोटात गेला तर पोटशूळ उठून जीव जातो. गोठ्यातलं पशुखाद्यही त्याला घालू नका. त्यातली काही औषधं गाईला चालतात, घोड्याला विषासारखी ठरतात. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते. धनुर्वाताची लस, जंताचं औषध हा खर्च वेगळाच. वरातीचा विचार असेल तर डीजे आणि फटाक्यांच्या आवाजात घोडा कसा वागतो, ते विकत घेण्याआधी कळायला हवं.

आपल्या मातीतला भीमथडी घोडाही विसरू नका. बारामतीच्या तालुक्याला पूर्वी भीमथडी हेच नाव होतं. धनगर बांधव आजही मेंढरांमागे बिऱ्हाड लादून याच घोड्यांना नेतात. बांधा लहान, पण काटक आणि कमी चाऱ्यात भागवणारा. सरकार दरबारी आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. वरातीत त्याचा तेवढा थाट नाही, पण शेतावर ये-जा करायला आणि मुलांना बसायला तो पुष्कळ झाला.

अमानत

नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आज घेतलात तर तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला पस्तिशीपर्यंत तो सांभाळावा लागेल. बुखारी शरीफमधल्या एका हदीसचा आशय असा की घोडा कुणासाठी सवाब असतो, कुणासाठी गरज भागवणारा आडोसा, तर मिरवण्यासाठी पाळणाऱ्याला तो गुनाहाचं ओझं ठरतो.

मागच्या वर्षी आमच्या घोडीला गिऱ्हाईक आलं. त्या दिवशी ती बरी चालत होती. थोरला हळूच म्हणाला, "नाही सांगितलं तर?" त्याची दादी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "जे आपल्याशी झालं, तेच आपण करायचं का?" आम्ही गिऱ्हाइकाला खूर उचलून दाखवला. तो सलाम करून निघून गेला.

घोडी अजून आमच्याच दारात आहे. वरातीला जात नाही, कडबा खाते. थोरला पहाटे उठून तिचे खूर साफ करतो. पैसे बुडाले ते बुडाले. पण घोडा घेण्याआधी जे बोलायला हवं होतं, ते घरात आता सगळे उघड बोलतात.