मातेचे शिक्षण, घरची मिळकत आणि बालमृत्यू : बांगलादेशाचा अनुभव

जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पाच वर्षे पूर्ण होण्याआधी किती बालके दगावतात, या संख्येला पाच वर्षांखालील बालमृत्युदर म्हणतात. एखाद्या देशातील दवाखाने, शाळा, पाणी, स्त्रियांचे स्थान आणि घरातील चूल या सर्वांचा हिशेब या एका आकड्यात उतरतो. विकसनशील देशांत हा दर गरिबीमुळे अधिक असतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु पुरेसेही नाही. बांगलादेशात 1993-94 च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात हा दर 133 होता; 2022 च्या सर्वेक्षणात तो 31 वर आला. पाकिस्तानात 2017-18 मध्ये तो 74 होता, आणि नव्वदच्या दशकात दरडोई उत्पन्नात पाकिस्तान बांगलादेशाच्या पुढे होता. तेव्हा केवळ पैशाने या फरकाचा उलगडा होत नाही.

गरिबी स्वतः बालकाला मारत नाही. ती कोणत्या तरी वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचते. या वाटांची मांडणी हेन्री मोस्ली आणि लिंकन चेन या दोन अभ्यासकांनी 1984 मध्ये केली. मातेचे वय व दोन बाळंतपणांतील अंतर, परिसरातील दूषितता, पोषणाची कमतरता, इजा, आणि आजार टाळण्याची वा त्यावर उपचार करण्याची घराची रीत अशा त्या पाच वाटा होत. उत्पन्न, शिक्षण, चालीरीती हे सारे यांपैकी एखाद्या वाटेनेच परिणाम घडवतात. या दोघांनीही ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम केले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुस्तकी वाटणाऱ्या या आराखड्यामागे मतलब भागातील खेड्यांतील जन्म-मृत्यूंच्या नोंदी होत्या.

मातेच्या शिक्षणाकडे जगाचे लक्ष वेधले ते ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी. 1979 मध्ये नायजेरियातील आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की, पतीचा व्यवसाय आणि घरची स्थिती सारखी असली तरी शिकलेल्या मातेची मुले अधिक जगतात. त्यांच्या मते शिकलेली स्त्री आजाराला केवळ नशीब मानत नाही, घरातील वडीलधाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडते आणि दवाखान्यातील माणसांशी बोलायला कचरत नाही. या निष्कर्षावर पुढे आक्षेपही आले. सोनाल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी 1998 मध्ये बावीस देशांची आकडेवारी तपासली. राहण्याचे ठिकाण आणि आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यास मातेच्या शिक्षणाचा प्रभाव बराच कमी उरतो, असे त्यांना आढळले. शिकलेली स्त्री बहुधा नळ, रस्ता आणि दवाखाना असलेल्या ठिकाणीच राहते, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. तथापि त्याने शिक्षणाचे महत्त्व नाहीसे होत नाही. शाळेसोबत दवाखानाही लागतो, एवढेच सिद्ध होते.

बांगलादेशातील सर्वांत बोलके उदाहरण हगवणीचे आहे. मीठ, साखर आणि पाणी यांचे ठरावीक मिश्रण तोंडावाटे दिल्यास कॉलऱ्याचा रुग्ण वाचतो, हे ढाक्यातील प्रयोगशाळेच्या डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी 1968 मध्ये दाखवून दिले. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. औषध तर सापडले. पण ते खेड्यातल्या आईच्या हातात कसे पोहोचणार? फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या काळात सुमारे सव्वा कोटी घरांत स्त्री कार्यकर्त्या पाठवल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. कार्यकर्ती हे मिश्रण आईच्याच हातून करून घेई. काही आठवड्यांनी दुसराच कोणी येऊन आईला काय आठवते ते तपासत असे, आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे.

आरंभी मात्र एक अडचण दिसली. आया मिश्रण बरोबर करून दाखवत, पण घरात मूल आजारी पडले की फारशा वापरत नसत. चौकशीत दोन कारणे पुढे आली. काही कार्यकर्त्यांचा स्वतःचाच या उपायावर विश्वास नव्हता. आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा बाजारात, शाळांत आणि मशिदींत पुरुषांपुढे हा विषय मांडण्यात आला आणि वापर वाढला. माहिती आईला असली तरी निर्णय तिचा नसतो, ही बाब अनेक आरोग्य योजना विसरतात.

मुलगा आणि मुलगी यांतील भेदही याच निर्णयाशी जोडलेला होता. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मतलबच्या अभ्यासात दाखवले की, एक महिन्यानंतरच्या वयात मुली मुलांपेक्षा अधिक दगावत होत्या. उपचार मोफत असूनही हगवणीसाठी मुलगेच जास्त संख्येने दवाखान्यात आणले जात. पुढील दशकांत हा फरक बराचसा मावळला. 1994 पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागले आणि मान्यताप्राप्त मदरसेही त्यात होते. 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण आणि अविवाहित राहणे या अटी होत्या. शेवटच्या अटीचा परिणाम अपुराच राहिला. आजही देशातील जवळपास निम्म्या मुलींचे लग्न अठरा वर्षांच्या आत होते. कोवळ्या वयातील बाळंतपणात कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका अधिक असतो.

म्हणूनच उरलेला प्रश्न नवजात बालकांचा आहे. 2022 च्या 31 मृत्यूंपैकी 20 पहिल्या महिन्यातील आहेत. लस आणि मीठ-गूळ तेथे पोहोचत नाहीत. या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी पडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर सिल्हेट जिल्ह्यात घरोघरी सेवा देऊन पाहिली, तेव्हा घट 34 टक्के आढळली.

एक वर्ष ओलांडलेल्या मुलांपुढे बांगलादेशात आणखी एक संकट असते, ते म्हणजे घरामागचे तळे. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणे हे प्रमुख कारणांपैकी आहे. हे मृत्यू बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान होतात. त्या वेळी आई स्वयंपाकात वा शेतात गुंतलेली असते, बाप कामावर आणि थोरली भावंडे शाळेत. पदराला बंगालीत आँचल म्हणतात. त्याच नावाची गावोगावची बालसंगोपन केंद्रे नेमकी याच चार तासांसाठी उघडतात.