तोरणाखाली कोण?

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून मुलगा, सून आणि नात पातूरला आली. सोबत त्यांचा कुत्राही होता. संध्याकाळी आमचे जुने सालदार नेहमीप्रमाणे भेटायला आले, तेव्हा नातीने विचारले, "आबा, उद्या ब्रुनोलाही तोरणाखाली नेऊ या ना?" मी उत्तर शोधेपर्यंत सालदारांनीच ते दिले. "पण बाई, थो वखर वढते काय?"

प्रश्न हसण्यावारी गेला, पण माझ्या मनातून गेला नाही. कारण तोरणाखाली नेण्यासारखे आमच्याकडे आता दुसरे काही उरलेले नाही. दहा वर्षांपूर्वी आम्ही बैलजोडी विकली. नांगरणी, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. घुंगरमाळा तेवढ्या माजघरातल्या खुंटीला आहेत. पोळ्याला आम्ही मातीच्या बैलांची पूजा करतो आणि मग गावच्या पोळ्यात दुसऱ्यांच्या जोड्या पाहायला जातो. आमच्यासारखी घरे पातुरात आता पुष्कळ आहेत. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख जनावरे होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. मग पोळा कोणाचा, हा प्रश्न नातीने विचारला नसता तरी तो होताच.

याच सुमारास मी जपानमधल्या एका प्रथेविषयी वाचत होतो. तिथे 'शिची-गो-सान' नावाचा संस्कार आहे. नावाचा अर्थच सात-पाच-तीन. या वयाच्या मुलांना १५ नोव्हेंबरच्या आसपास नवे कपडे घालून शिंतो देवस्थानात नेतात. पुजारी 'नोरितो' म्हणजे प्रार्थना म्हणतो, पांढऱ्या कागदी झिरमिळ्यांची काठी मुलाच्या डोक्यावरून हलवून त्याला शुद्ध करतो, आणि मुलाला दीर्घायुष्याची खूण म्हणून लांब कांडीसारखी गोळी मिळते. पूर्वी लहान मुले फार दगावत. सातवे वर्ष गाठले म्हणजे मूल हाती लागले, अशी भावना यामागे होती.

आता काही देवस्थानांत याच संस्कारासाठी लोक कुत्री आणि मांजरे आणतात. कानागावा प्रांतातल्या झामा देवस्थानात तर पाळीव प्राण्यांसाठी वेगळे छोटे देऊळ आहे, 'इनुनेको-शा'. इनु म्हणजे कुत्रा, नेको म्हणजे मांजर. तोक्योतल्या इचिगाया भागातल्या हाचिमान देवस्थानातही प्राण्यांसाठी प्रार्थना होते. कुत्र्याला किमोनो घातलेला, पुजारी गंभीर, मालकीण हात जोडून उभी. छायाचित्र पाहून पहिल्यांदा हसू येते. मलाही आले. पण आकडे पाहिल्यावर ते ओसरले. २०२३ मध्ये जपानात पंधरा वर्षांखालची मुले सुमारे १ कोटी ४३ लाख होती, आणि पाळलेली कुत्री-मांजरे सुमारे १ कोटी ५९ लाख. ज्या संस्काराला मुले कमी पडू लागली, त्यात घरातले दुसरे लहानगे आले.

हे सगळ्या देवस्थानांना मान्य आहे असे नाही. शिंतो धर्मात शुचितेचा विचार फार कडक आहे. पुष्कळ ठिकाणी प्राण्यांना आवारात मज्जाव असतो. इसेच्या महादेवस्थानात जाणाऱ्याला कुत्रा प्रवेशद्वारापाशीच ठेवावा लागतो. गंमत अशी, की याच इसेच्या यात्रेला एदो काळात कुत्री एकटी जात! मालकाला आजारपणामुळे जाणे जमले नाही, की तो कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्याला यात्रेकरूंबरोबर धाडी. वाटेतले लोक त्याला खाऊ घालीत, पुढची वाट दाखवीत. त्या काळच्या चित्रांतही ही कुत्री दिसतात. तोक्योच्या पश्चिमेच्या मिताके डोंगरावरचे देवस्थान तर लांडग्याला देवाचा दूत मानते, आणि तिथे कुत्र्यांसाठी रीतसर प्रार्थना होते. म्हणजे नव्या वाटणाऱ्या प्रथेला जुना धागा कुठेतरी सापडतोच.

आपल्याकडे तो शोधावाही लागत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, महादेवासमोर नंदी. दिवाळीची सुरुवातच वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने होते आणि पाडव्याला आपल्या विदर्भात गायगोधन निघते. तरीही नातीच्या प्रश्नाला 'हो' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. का, ते शोधायचे तर पोळ्याचे विधी नीट पाहावे लागतात.

पोळ्याची सुरुवात तोरणापाशी होत नाही, आदल्या दिवशी गोठ्यात होते. खांदमळणीला बैलाच्या खांद्याला, जिथे जू घासून कातडे राठ झालेले असते तिथे, लोणी आणि हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि उद्या जेवायला या असे त्याला आवतण देतात. सणाच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही. अंघोळ, नवी वेसण, शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल. मग आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या रांगेने उभ्या राहतात, झडत्या होतात, मानाची जोडी पुढे निघते आणि पोळा फुटतो. घरोघरी बैलाचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी भरवतात. बैल फिरवणाऱ्याला बोजारा मिळतो. हा भाग विसरू नये. सालदाराचाही तो सण आहे.

यात आयुष्य मागणे फारसे नाही. हा हिशेब आहे. वर्षभर ज्याच्या खांद्यावर घर चालले, त्याच्या खांद्याला एक दिवस हात लावायचा. जपानी पुजारी कुत्र्यासाठी जे मागतो ते आईबापाने लेकरासाठी मागावे तसे असते. पोळ्यात धनी देणेकऱ्यासारखा उभा असतो. दोन्हींत प्राण्याला ओवाळले जाते, एवढेच सारखे. म्हणून सालदारांचा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटला नाही. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते.

पण पोळा बदलत नाही, असेही नाही. विदर्भात लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. नागपूरच्या भोसल्यांनी तो सुरू केला असे सांगतात. करोनात आणि नंतर लम्पीच्या साथीत ठिकठिकाणी बैल एकत्र आणण्यावर बंदी आली, तेव्हा लोकांनी दारातच पूजा उरकली. ट्रॅक्टरला हार घालून पोळ्याच्या रांगेत उभे करणारेही आहेत. ट्रॅक्टर वखर ओढतो हे खरे. पण त्याचा खांदा सोलत नाही. मला विचाराल तर तोरणाखाली त्याच्यापेक्षा कुत्रा बरा.

पोळ्याला ब्रुनो घरीच राहिला. एवढ्या घुंगरांच्या आवाजात आणि गर्दीत त्याला नेणे बैलांच्याही सोयीचे नव्हते, हे नातीला पटले. तोरणापाशी सालदार दुसऱ्याच्या जोडीचा कासरा धरून उभे होते. घरी आल्यावर तिने ब्रुनोला स्वतः ओवाळले. सूनबाईंनी गूळ-पुरणाऐवजी साधी पोळी दिली, हेही योग्यच.

दुसऱ्या दिवशी, करीला, सालदार बोजारा घ्यायला आले. आमच्याकडे बैल नसले तरी त्यांचा बोजारा आम्ही थांबवलेला नाही. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी कुत्र्याला जवळ ओढले, गळ्यातला पट्टा वर सारून पाहिला. पट्ट्याने घासून तिथले केस गेले होते, कातडे लाल झाले होते. आम्हां कोणाच्या ते लक्षात आले नव्हते.

"बाई," ते नातीला म्हणाले, "थोडं लोणी अन् हयद आन बरं."