डीटीपीच्या दुकानातली दुखणी

चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली, अहेरी या गावांत आपले बरेच बांधव डीटीपीचे काम करतात. निकाहच्या पत्रिका, मदरशाची पावतीपुस्तके, तेंदूपत्त्याच्या लिलावाच्या नोटिसा आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभांच्या दाव्यांची कागदपत्रे, अशी ही रोजी आहे. कागद बल्लारपूरला बनत असला म्हणून तो आपल्याला काही स्वस्त पडत नाही. एक फॉर्म वाया गेला की त्या दिवसाची मजुरी गेली.

पण आमचे नुकसान कागदाने केले नाही. एका ग्रामसभेची पुस्तिका आम्ही पीडीएफ करून दिली. पाने झकास दिसत होती. डाव्या बाजूची बुकमार्कची यादी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! ग्राहकाने उरलेले पैसे थांबवले, आणि त्याचे चुकलेही नाही.

कारण साधे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी खूण एका इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेली असते. पानावर फॉन्ट तिला मराठी पोशाख चढवतो. बुकमार्कच्या यादीत तो फॉन्ट नसतो, म्हणून मूळ अक्षर उघडे पडते. कृतिदेवमध्ये टाइप केलेले 'निकाह' तिथे एफ, यू, डी, के, जी असे दिसते. पहिली वेलांटी आधी टाइप होते, म्हणून एफ सर्वांत पुढे. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधूनही सापडत नाही, तो याच कारणाने.

बुकमार्क एकेक करून पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही. मजकूरच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. कन्व्हर्टर ते काम मिनिटात करतो, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे ओळ न ओळ तपासावीत. पत्रिकेत रफार हलला तर पाहुणे हसतील. दाव्यातील नावात हलला तर गरीब माणसाला कचेरीत खेटे घालावे लागतील.

इनडिझाइनमध्ये मराठीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षरापाशी बसते आणि जोडाक्षरे फुटतात. शीर्षकांना पॅराग्राफ स्टाइल द्यावी, तिच्यावरून अनुक्रमणिका काढावी आणि तिथे पीडीएफ बुकमार्कचा पर्याय चालू ठेवावा. पीडीएफ काढतानाही बुकमार्कवर खूण हवी. नंतर शीर्षक बदलले किंवा पाने सरकली तर अनुक्रमणिका अपडेट करावी. ती आपोआप बदलत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचे चिन्ह दिसले तर मजकूर खाली दडलेला आहे, हे समजावे.

काही दुकानांत अजून पेजमेकर चालतो. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्यात पानाची मांडणी निवडलेल्या प्रिंटरवर अवलंबून असते. घरच्या प्रिंटरवर बरोबर असलेल्या ओळी नागपूरच्या प्रेसमध्ये तुटतात त्या यामुळे. म्हणून फाइल न पाठवता फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफच पाठवावी.

राहिला मजुरीचा प्रश्न. जुन्या फाइलचे रूपांतर आणि त्याचे मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांचे दर ग्राहकाशी आधी बोलून पावतीवर लिहून घ्यावेत. आम्ही ते त्या पुस्तिकेनंतर सुरू केले.