स्मृतीची शिदोरी

गेलेल्या दिवसांची ओढ मनुष्यमात्राच्या मनात खोलवर रुजलेली असते. युरोपीय भाषांत तिच्यासाठी जो शब्द रूढ आहे, तो मात्र वैद्यकातून आला आहे. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर याने आपल्या प्रबंधात, परमुलखी गेलेल्या स्विस लोकांना लागणाऱ्या घराच्या ध्यासाचे वर्णन एक व्याधी म्हणून केले. आणि ‘परतणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून तिला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. मराठीत तिला स्मरणरंजन म्हणतात. एका शब्दात वेदना आहे, दुसऱ्यात रंजन आहे; आणि खुद्द त्या भावनेत दोन्ही आहेत.

ख्रिस्ती धर्मविचार या भावनेकडे कसा पाहतो, हे समजून घ्यावयाचे तर बायबलच्या जुन्या करारापासून आरंभ करावा लागतो. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानातून चालले असता त्यांना मिसरातील मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवू लागले, असे ‘गणना’ या पुस्तकात सांगितले आहे. अन्नाची चव स्मरणात राहिली. विटा थापतानाचे हाल विसरले गेले. स्मरणरंजनाचा मुख्य दोष येथे दिसतो. ते भूतकाळातील सोयीचे तेवढे निवडते आणि वर्तमानाविरुद्ध साक्षीस उभे करते.

याहून बिकट प्रसंग बाबेलच्या हद्दपारीत आला. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यहूदाचा राजा, सरदार व कारागीर बाबेलास नेण्यात आले. दोन वर्षांत सारे परत येतील, असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगू लागला. ते ऐकावयास गोड होते. यिर्मयाने मात्र यरुशलेमहून त्या लोकांना निराळेच पत्र धाडले. त्यांनी तेथेच घरे बांधावीत, मळे लावावेत, मुलाबाळांचे विवाह करावेत, इतकेच नव्हे, तर शत्रूच्या त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थनाही करावी, असा त्याचा आशय होता. परतीसाठी त्याने सत्तर वर्षांची मुदत सांगितली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती. परतीचे सुख नातवंडांच्या वाट्यास यावयाचे होते. जे आपल्याला लाभणार नाही, त्यासाठीही आज काम करण्याचे बळ, हा आशेचा अर्थ येथे प्रकट होतो.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली. यरुशलेमात नव्या मंदिराचा पाया घातला गेला, तेव्हा जुने मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि इतरांनी जयघोष केला. रडणे कोणते व जयघोष कोणता, हे ओळखू येईना, असे एज्राच्या पुस्तकात नमूद आहे. ग्रंथकर्त्याने त्या वृद्धांना दोष दिलेला नाही. गमावलेल्याचा शोक करण्यास श्रद्धेची आडकाठी नाही. मात्र त्या शोकापायी पाया घालावयाचा राहता कामा नये.

ख्रिस्ती उपासनेत हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले आहेत. प्रभुभोजनात येशूच्या मरणाचे स्मरण केले जाते. आणि तो पुन्हा येईपर्यंत ते करीत राहावयाचे, असे पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिले. एकाच भाकरीत घडून गेलेले आणि यावयाचे असे दोन्ही काळ सामावले आहेत.

महाराष्ट्रात या दृष्टीचा प्रत्यय नारायण वामन टिळकांच्या जीवनात येतो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तस्वकीय दुरावले. तथापि संतांचा अभंग व कीर्तन यांचा वारसा त्यांनी टाकला नाही. त्यातूनच मराठी ख्रिस्ती मंडळीची नवी भजने त्यांनी घडविली. १९१९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी पतीच्या आठवणी तर लिहिल्याच, परंतु ते अपुरे काव्यही पुढे नेऊन पूर्ण केले.

स्मृती ही अशी शिदोरीसारखी असते. शिदोरी घरून येते खरी. पण ती बांधलेली असते पुढच्या वाटेसाठी.